फाइल कुणाकडे अडली आहे, हे नागरिकांना कळू द्या

प्रति,
माननीय सरन्यायाधीश आणि न्यायवृंदातील माननीय न्यायमूर्ती, सर्वोच्च न्यायालय, नवी दिल्ली
माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: उच्च न्यायालये व सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांच्या नेमणुका

महोदय,

हे पत्र मी आपणा दोघांना एकत्रच लिहीत आहे. न्यायाधीशांच्या नेमणुकांवरून आपल्यात गेली अनेक वर्षे जो वाद चालला आहे, त्यात प्रत्येक बाजू दुसरीकडे बोट दाखवते, आणि ज्याच्या नावाने दोघेही बोलतात त्या नागरिकाच्या हाती मात्र कुणीच काही लागू देत नाही. न्यायवृंद (कॉलेजियम), म्हणजे नेमणुकांसाठी नावे सुचवणारा ज्येष्ठतम न्यायाधीशांचा गट, म्हणतो, आम्ही नावे पाठवली, सरकार त्यांवर बसून राहिले. सरकार म्हणते, न्यायवृंद ही व्यवस्था घटनेत कुठेही लिहिलेली नाही आणि तिचा कारभार बंद दाराआड चालतो. दोघांचेही म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणूनच हा वाद असाच चालू राहू देणे दोघांनाही सोयीचे होऊन बसले आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

माझी मागणी मोठी नाही. न्यायाधीश कुणी निवडावेत याचा निकाल आज लागला नाही तरी चालेल. पण एखादे नाव सुचवल्यापासून त्याची नेमणूक होईपर्यंत किंवा ते नाकारले जाईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला मुदत असली पाहिजे, आणि ती उलटली किंवा नाव बाजूला पडले तर त्याचे कारण लेखी आणि जाहीर असले पाहिजे. आज आपणा दोघांकडेही एक अधिकार आहे जो घटनेने कुणालाच दिलेला नाही, आणि तो म्हणजे काहीही न बोलता एखादे नाव संपवण्याचा अधिकार.

नेमणुका हा न्यायालय आणि मंत्रालय यांच्यातला आतला प्रशासकीय विषय आहे, असे मानण्याची सवय आपल्याकडे आहे. ती घातक आहे. मूलभूत हक्कांवर गदा आली तर कोणाही नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते ते अनुच्छेद ३२ मुळे. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तरतुदीला संविधानाचे हृदय आणि आत्मा म्हटले होते. पण अनुच्छेद स्वतः निकाल देत नाही; निकाल देतात ती पीठावर बसलेली माणसे. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २१ मधील शब्द १९५० पासून एका अक्षरानेही बदललेले नाहीत. तरीही १९७६ मध्ये त्याच शब्दांखाली सरकारने कुणालाही कारण न देता तुरुंगात ठेवावे आणि न्यायालयाने त्याचा अर्जही ऐकू नये, असे ठरले. १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात त्याच शब्दांतून कायद्याची प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे हे तत्त्व निघाले. आणि १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असे सांगितले. (त्याच निकालाने झोपड्या हटवण्याची मुभाही दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबायला सांगितले, हेही विसरता कामा नये.) समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ न्यायालयाने २०१३ मध्ये कायम ठेवले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या संमतीने असलेल्या संबंधांपुरते रद्द केले. या दोन तारखांच्या मध्ये घटनेचा मजकूर तोच होता. पीठावरची माणसे मात्र वेगळी होती.

यातले १९७६ चे प्रकरण मी थोडे जवळून मांडतो, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार त्यावर आहे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांच्या देहोपस्थिती याचिका (हेबियस कॉर्पस, म्हणजे कोठडीतल्या माणसाला न्यायालयापुढे आणून अटक कायदेशीर आहे का ते तपासण्याचे अर्ज) ऐकता येतात, असा निर्णय देशातील नऊ उच्च न्यायालयांनी दिला होता, आणि त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. सरकार या निर्णयांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारचे सर्वोच्च वकील असलेले महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर त्यावरही न्यायालयात दाद मागता येणार नाही का? आणीबाणी चालू आहे तोवर आमच्या युक्तिवादानुसार नाही, असे उत्तर भर न्यायालयात देण्यात आले. तरीही २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारचे म्हणणे मान्य झाले. विरोधात एकटे न्या. खन्ना होते. जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठतेने सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे यायचे होते. सरकारने त्यांना डावलून न्या. एम. एच. बेग यांना ते पद दिले आणि खन्नांनी राजीनामा दिला. तो १९७६ चा निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले ते थेट २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात. एका योग्य माणसाला त्याच्या जागेवरून दूर ठेवायला सरकारला एक आदेश पुरला, आणि त्याचे म्हणणे बरोबर होते हे न्यायालयाच्या तोंडून ऐकायला देशाला ४१ वर्षे लागली.

खन्ना हे पहिले नव्हते. संसदेला घटनादुरुस्ती करता येते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, असा निकाल केशवानंद भारती प्रकरणात १३ न्यायाधीशांच्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने दिला. दुसऱ्याच दिवशी नव्या सरन्यायाधीशांचे नाव जाहीर झाले, ते अल्पमतात असलेल्या न्या. अजितनाथ राय यांचे. त्यांच्याहून ज्येष्ठ असलेले न्या. शेलाट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर हे तिघेही बहुमताच्या बाजूचे होते. तिघांनीही राजीनामे दिले. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. न्यायवृंद ही न्यायाधीशांनी स्वतःसाठी बळकावलेली सत्ता आहे असे म्हणणाऱ्यांनी, आणि माननीय मंत्रिमहोदय, आपल्या पक्षातल्याच नव्हे तर सगळ्याच पक्षांतल्या सहकाऱ्यांनी, १९७३ ते १९७७ ही पाच वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांचे राजकीय वारस आज सत्तेत आहेत. त्या काळात न्यायालय दुबळे कसे झाले हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगण्याची गरज नसावी.

पण म्हणून न्यायवृंदाची बाजू निर्विवाद ठरत नाही. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत याच विषयावर चर्चा झाली, तेव्हा नेमणुकांसाठी सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करावी अशी सूचना आली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी आपल्यासारखेच माणूस असतात, त्यांनाही उणिवा आणि पूर्वग्रह असतात, आणि त्यांच्या हाती नकाराधिकार देणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मंत्रिमंडळाच्या हाती सगळे सोपवणेही त्यांना तितकेच नामंजूर होते. म्हणूनच घटनेत राष्ट्रपतींनी नेमणूक करावी आणि ती न्यायाधीशांशी विचारविनिमय करून करावी, असा मधला मार्ग आला. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विचारविनिमयाचा अर्थ सहमती असा होत नाही म्हणून अंतिम शब्द सरकारला दिला. ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो न्यायाधीशांकडे आणला. आणि न्यायालयाच्याच २८ ऑक्टोबर १९९८ च्या मतानुसार सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायाधीश असा आजचा न्यायवृंद तयार झाला. ज्या टोकांपासून संविधान सभा जाणीवपूर्वक दूर राहिली, त्यातल्या एकावरून आपण बारा वर्षांत दुसऱ्यावर गेलो.

राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचा प्रयोग याच पार्श्वभूमीवर झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी जवळपास एकमुखाने घटनादुरुस्ती मंजूर केली, राज्यांनी तिला पाठिंबा दिला आणि १३ एप्रिल २०१५ रोजी ती अमलात आली. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, विधिमंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती अशी सहा जणांची ती रचना होती. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक बहुमताने ती रद्द केली, न्या. जस्ती चेलमेश्वर यांनी वेगळे मत नोंदवले. त्या कायद्यात कोणतेही दोन सदस्य मिळून एखादे नाव रोखू शकत होते आणि ‘मान्यवर’ कुणाला म्हणायचे याचा कोणताही निकष नव्हता, त्यामुळे तो जसा होता तसा टिकायला नको होता, असे माझेही मत आहे. पण रद्द करताना न्यायालयाने स्वतःच्या पद्धतीतले दोष मान्य केले होते, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पात्रतेचे निकष, पारदर्शकता, सचिवालय आणि तक्रारींची हाताळणी या बाबींचा समावेश असलेली नेमणुकांची नवी कार्यपद्धती सरकारने सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करून ठरवावी असे सांगितले होते. ती आजही अंतिम झालेली नाही. आयोग रद्द करायला सुनावणीपासून निकालापर्यंत काही महिने लागले. त्याच्या जागी काय, या प्रश्नावरचा कागद आपल्या दोन कार्यालयांमध्ये इतकी वर्षे फिरतो आहे.

एखाद्या वकिलाचे नाव उच्च न्यायालयासाठी निघते तेव्हा काय होते, हे बार रूमच्या बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आपल्या दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलून नाव निश्चित करतात; जागा रिकामी होण्याच्या सहा महिने आधी ही सुरुवात व्हावी असे सध्याच्या जुन्या कार्यपद्धतीत आहे. नाव मुख्यमंत्री व राज्यपालांकडे जाते, त्यांना सहा आठवडे असतात. मग विधी मंत्रालय, मग गुप्तचर विभागाचा अहवाल, मग सरन्यायाधीश आणि त्यांच्या न्यायवृंदातले दोन न्यायमूर्ती, त्या उच्च न्यायालयातून वर गेलेल्या न्यायाधीशांचे मत, पुन्हा विधी मंत्रालय, पंतप्रधान आणि शेवटी राष्ट्रपती. एवढ्या टप्प्यांत कागद कुठेही थांबू शकतो, आणि थांबला तर कुणी थांबवला हे त्या वकिलालाही कळत नाही. नाव गेल्याची कुजबुज मात्र तोवर सगळीकडे झालेली असते. पक्षकार नवे काम देताना विचार करतात, सरकारविरुद्धचे मॅटर घ्यावे की नाही असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, आणि वर्ष-दोन वर्षे गेली की घरची माणसेच विचारू लागतात की हे कशासाठी चालले आहे. काहींनी कंटाळून संमती मागे घेतल्याचे सर्वांना ठाऊक आहे. चालती वकिली सोडून निम्म्याहून कमी मिळकतीवर न्यायासनावर बसायला तयार होणारी माणसे आधीच थोडी. त्यांना आपण ही वागणूक देतो. २० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याला आठवड्यांच्या मुदती घातल्या: गुप्तचर विभागाला चार ते सहा, त्यानंतर केंद्राला आठ ते बारा, आणि न्यायवृंदाने एकमताने नाव पुन्हा पाठवले तर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक. त्या आदेशाचे पुढे काय झाले, ते दोन-तीन उदाहरणांवरून दिसते.

मंत्रिमहोदय, ही उदाहरणे आपल्या मंत्रालयाच्या कपाटातली आहेत. ज्येष्ठ वकील सौरभ कृपाल यांचे नाव दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सुचवले, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मान्य केले आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारचे आक्षेप नोंदवून ते पुन्हा पाठवले. आक्षेप होते ते त्यांचे जोडीदार स्विस नागरिक असल्याबद्दल आणि कृपाल आपली लैंगिक ओळख लपवत नाहीत याबद्दल. मद्रास उच्च न्यायालयासाठी सुचवलेले वकील आर. जॉन सत्यन यांच्या बाबतीत पंतप्रधानांवर टीका करणारा एक लेख त्यांनी समाजमाध्यमावर पुढे पाठवल्याची नोंद गुप्तचर विभागाने केली होती. दोघांचीही नेमणूक झालेली नाही. मुंबई उच्च न्यायालयासाठी सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले होते. समाजमाध्यमांवरील त्यांच्या मतांवर आक्षेप घेऊन ते परत आले आणि जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा पाठवल्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांची नेमणूक झाली. त्याआधी २०१८ मध्ये न्या. के. एम. जोसेफ यांचे नाव जानेवारीत गेले, एप्रिलमध्ये परत आले आणि ऑगस्टमध्ये नेमणूक झाली, तोवर त्यांच्यानंतर सुचवलेली नावे ज्येष्ठतेत त्यांच्या पुढे गेली होती. उत्तराखंडमधील राष्ट्रपती राजवट रद्द करणारा २०१६ चा निकाल त्यांचा होता, आणि या दोन गोष्टींचा संबंध नाही असे सरकारने सांगितले होते. संबंध नसेलही. पण एकत्र पाठवलेल्या नावांतून काही उचलायची आणि काही ठेवून द्यायची, असे वारंवार घडते, तेव्हा प्रत्येक विलंबामागे लोक निकाल शोधू लागतात, आणि याचा दोष लोकांना देता येत नाही. सरकारला आक्षेप घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो घ्यावा, लिहून द्यावा आणि त्यावर उत्तर आले की निर्णय करावा. आक्षेप नाही, होकार नाही आणि नकारही नाही, असे ठेवण्याचा अधिकार कुठून आला?

आता माननीय न्यायमूर्तींना. जानेवारी २०२३ मध्ये आपण सरकारचे आक्षेप आणि त्यांवरची आपली उत्तरे ठरावात छापून जाहीर केलीत, ती या वादातील सर्वांत निरोगी घटना होती असे मी मानतो. गुप्तचर अहवालातील मजकूर उघड झाल्याबद्दल तेव्हाच्या विधिमंत्र्यांनी नाराजी व्यक्त केली. पण अधिकाऱ्यांची नावे आणि माहितीचे स्रोत झाकून कारणे सांगता येतात, आणि ती सांगितल्यामुळेच देशाला पहिल्यांदा कळले की एका नागरिकाचे न्यायाधीशपद कोणत्या कारणांवर अडले आहे. मग हाच नियम आपल्या स्वतःच्या निर्णयांना का नाही? ३ ऑक्टोबर २०१७ पासून ठराव संकेतस्थळावर येऊ लागले तेव्हा कारणेही येत होती. पुढे ती गळली, मध्येच परत आली, पुन्हा आटली. न्या. अकील कुरेशी यांचे नाव मे २०१९ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी सुचवले गेले, सरकारने ते रोखल्यावर बदलून त्रिपुरासाठी दिले गेले, आणि देशातील ज्येष्ठतम मुख्य न्यायाधीशांपैकी एक असूनही ते सर्वोच्च न्यायालयात न येता निवृत्त झाले. मध्य प्रदेशचे त्रिपुरा का झाले, याचे उत्तर ठरावात नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी दोन नावे पाठवताना न्यायवृंदातल्या न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी एका नावाला लेखी असहमती नोंदवल्याच्या बातम्या सर्व मोठ्या वृत्तपत्रांत आल्या, पण न्यायालयाच्या संकेतस्थळावर आली ती केवळ दोन नावे. निकालपत्रातली असहमती आपण अभिमानाने छापता. खन्नांची असहमती आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. नेमणुकीतली असहमती मात्र कपाटात जाते.

मे २०२५ मध्ये आपण बहुतेक न्यायाधीशांची मालमत्ता आणि आधीच्या अडीच वर्षांत मंजूर झालेल्या नावांची यादी जाहीर केलीत. त्या यादीत कोणता उमेदवार आजी-माजी न्यायाधीशांचा नातेवाईक आहे, कोणत्या सामाजिक प्रवर्गातला आहे, हेही होते. ते मोठे पाऊल होते. पण यादीवरून कोण आले ते कळते, कोण आणि का राहिले ते कळत नाही. २०२५ पर्यंतच्या ७५ वर्षांत सर्वोच्च न्यायालयात केवळ ११ महिला न्यायाधीश झाल्या, त्यांतल्या पहिल्या १९८९ मध्ये. उच्च न्यायालयांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय न्यायाधीश किती थोडे आहेत हे सरकार संसदेत सांगते आणि आपल्याकडे बोट दाखवते. आणि आपल्याकडे निकष लिहिलेले नसल्यामुळे आपल्याला त्यावर उत्तरही देता येत नाही.

उघडपणा आला की अमेरिकेसारखे होईल, ही भीती दोन्ही बाजूंचे लोक घालतात, म्हणून तिच्याबद्दल थोडे लिहितो. तिथे २०१६ मध्ये अध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची सिनेटने निवडणुकीचे वर्ष म्हणून सुनावणीच घेतली नाही, आणि २०२० मध्ये त्याच सिनेटने मतदानाला आठ दिवस उरले असताना एमी कोनी बॅरेट यांना मंजुरी दिली. दोन वर्षांनी, २४ जून २०२२ रोजी, गर्भपाताचा १९७३ पासूनचा घटनात्मक हक्क त्याच न्यायालयाने काढून घेतला. एका खुर्चीवर कोण बसते याने कोट्यवधी स्त्रियांचा हक्क ठरतो, हे यातून दिसतेच. पण तिथला दोष उघड सुनावणीचा नाही. तो नेमणूक पक्षीय मतसंख्येवर सोपवण्याचा आहे, आणि गार्लंड यांच्या बाबतीत तर सुनावणी नाकारण्याचाच आहे. तेही मौनच होते. दक्षिण आफ्रिकेत न्यायिक सेवा आयोग उमेदवारांच्या मुलाखती जाहीरपणे घेतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ पासून स्वतंत्र आयोग आहे आणि त्याचा अध्यक्ष न्यायव्यवस्थेबाहेरचा असतो. यांतली कोणतीच पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही, पण पात्रतेचे निकष आधी छापून ठेवणे यात परकीय असे काय आहे?

दरम्यान जागा रिकाम्या राहतात. देशातील २५ उच्च न्यायालयांत न्यायाधीशांची मंजूर पदे ११२२ आहेत, आणि गेली कित्येक वर्षे त्यांतली साधारण तीनशे किंवा त्याहून अधिक पदे भरलेलीच नसतात. २४ एप्रिल २०१६ रोजी पंतप्रधानांसमोर बोलताना सरन्यायाधीश तीरथसिंह ठाकूर यांचा कंठ दाटून आला होता तो याच प्रश्नावर. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. माझ्यासारख्यांना ही रिकामी पदे आकड्यांत दिसत नाहीत. ती दिसतात जन्मठेप झालेल्या माणसाच्या अपिलात, जे दाखल होऊन वर्षे लोटली तरी अंतिम सुनावणीच्या बोर्डावर, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवशीच्या कामाच्या यादीत, येत नाही, आणि बोर्डावर आले तरी दिवसभरात त्याचा नंबर लागत नाही. अशा अपिलात कधी शिक्षा रद्द होते. तोवर त्या माणसाने आयुष्यातली किती वर्षे आत काढली, याची भरपाई कुणाच्याच अधिकारात नसते. मूलभूत हक्क दिल्लीत घटनापीठापुढे घडतात तितकेच ते या बोर्डावरही घडतात किंवा मोडतात, आणि तिथे दुसरी डिव्हिजन बेंच (दोन न्यायाधीशांचे खंडपीठ) बसवायला न्यायाधीश नाही, याचे कारण बऱ्याचदा आपल्या दोघांमध्ये अडलेली एखादी फाइल असते.

म्हणून मी आपणाकडे जे मागतो आहे ते असे आहे. मंत्रिमहोदय, न्यायवृंदाने एकमताने पुन्हा पाठवलेली जी नावे आज आपल्याकडे प्रलंबित आहेत, त्यांची यादी ती मिळाल्याच्या तारखांसह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकावी. जी नावे सरकारला मान्य नाहीत त्यांचे आक्षेप लेखी कळवावेत. न्यायालयाने २०२१ मध्ये घातलेल्या मुदती सरकारला अव्यवहार्य वाटत असतील, तर कोणत्या मुदती पाळता येतील हे सरकारने संसदेत सांगावे आणि मग त्या पाळाव्यात. आणि एकत्र आलेली नावे फोडू नयेत; फोडायचीच असतील तर मागे राहिलेल्याची ज्येष्ठता नेमणुकीनंतर मूळ शिफारशीच्या क्रमानेच लागावी.

माननीय न्यायमूर्तींनी निकष एकदाचे लिहून जाहीर करावेत आणि प्रत्येक ठरावात त्या निकषांवर नाव कसे उतरले हे चार ओळींत का होईना सांगावे. असहमती असेल तर ती छापावी. ज्याचे नाव नाकारले त्याची बदनामी होऊ नये ही काळजी रास्त आहे, म्हणून नकाराची कारणे निदान त्या व्यक्तीला आणि संबंधित उच्च न्यायालयाला द्यावीत. सुचवलेले नाव बदलले किंवा मागे घेतले असेल, तर तो बदल आणि त्याचे कारण मात्र जाहीर करावे, कारण तिथे दबावाची शंका सर्वांत आधी येते. बदल्यांच्या ठरावात ‘न्यायदानाच्या हितासाठी’ एवढेच शब्द लिहून भागत नाही, हे आणीबाणीतल्या त्या १६ बदल्यांनंतर वेगळे सांगायला नको.

आणि आपण दोघांनी मिळून, २०१५ पासून अडलेली ती कार्यपद्धती पूर्ण करावी. मतभेदाचे मुद्दे मोजके आहेत आणि दोन्ही बाजूंना पाठ आहेत. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावर नाव रोखण्याचा अधिकार सरकारला असावा का, यावर एकमत होत नसेल तर तो एक मुद्दा बाजूला ठेवून उरलेला मसुदा जाहीर करावा, त्यावर वकील संघटनांच्या आणि नागरिकांच्या सूचना मागवाव्यात आणि पुढच्या न्यायालयीन वर्षाच्या आत तो लागू करावा. या पत्राचे उत्तर मला वैयक्तिक मिळावे अशी माझी अपेक्षा नाही. प्रलंबित नावांची यादी जाहीर झाली, तर तेच उत्तर मी समजेन.

आपला विश्वासू,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारा एक नागरिक